चांगदेव : नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांच्यात फक्त एका अनुस्वाराचा फरक आहे. पहिलं काम बारशाला आत्या करते, दुसरं पुढे सगळा गाव करतो. 'चांगदेव' या नावाच्या वाट्याला हल्ली फक्त दुसरंच येतं. शेजारपाजारच्या एखाद्या बारशात हे नाव ठेवलेलं तुम्ही अलीकडे ऐकलंय का? मी नाही ऐकलं. माझ्या शाळेच्या हजेरीत नव्हतं, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत नव्हतं, आता पुण्यात ज्या ऑफिसात बसून कोड लिहितो तिथेही नाही. मला माहीत असलेले सगळे चांगदेव साठीच्या पुढचे आहेत. आणि मी मूळचा जळगाव जिल्ह्यातला, म्हणजे ज्या जिल्ह्यात या नावाचं आख्खं गाव आहे, तिथला.

फोनवरच्या कुठल्याही बाळनावांच्या यादीत हे नाव शोधून बघा. सापडलंच तर समोर एक ओळ असेल: अर्थ, रास, शुभ अंक. अर्थाच्या रकान्यात 'चांगला देव' असं काहीतरी. हे चूक नाही, पण 'लीलावती' म्हणजे 'खेळकर बाई' असं सांगून गणित आटोपण्यासारखं आहे. नावाचा शब्दकोशातला अर्थ आणि नावानं माणसांच्या तोंडी राहून कमावलेला अर्थ, या दोन गोष्टी आहेत. दुसऱ्या अर्थासाठी नाव एखाद्या पुस्तकासारखं वाचावं लागतं: कुणी वापरलं, कुणासाठी वापरलं, कोणत्या गोष्टीत आलं. चांगदेव हे नाव तसं वाचलं की त्यात एक जुना प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतो. शिकलेल्या माणसाच्या शिकण्याची किंमत काय?

चंग, चंगा, चांगला

आधी शब्दाचं बघू. प्राकृतात 'चंग' म्हणजे सुंदर, छान. त्याचंच हिंदी-पंजाबीत 'चंगा' झालं, आपल्याकडे 'चांगला'. जोतिबाच्या डोंगरावरचं 'चांगभलं' याच घरातलं, आणि चिलयाची आई चांगुणा हीसुद्धा. थोडक्यात हा शब्द देशी आहे, लोकांच्या तोंडचा आहे. पोथीतून खाली उतरलेला नाही.

हे नाव फक्त मराठीचंही नव्हतं. गुजरातेत धंधुका या गावी अकराव्या शतकाच्या शेवटी एक मुलगा जन्मला. घरच्यांनी त्याचं नाव चांगदेव ठेवलं. पुढे तो जैन साधू झाला, नाव बदललं, आणि आचार्य हेमचंद्र म्हणून प्रसिद्ध झाला. संस्कृत-प्राकृताचं व्याकरण लिहिणाऱ्या या पंडितानं 'देशीनाममाला' नावाचा एक कोश रचला. संस्कृतातून ज्यांची व्युत्पत्ती लागत नाही अशा देशी शब्दांचा कोश. लहानपणीचं देशी नाव टाकून आलेल्या माणसानं देशी शब्द सांभाळून ठेवले, हे मला फार आवडतं.

पाटणचा नातू

आता खानदेशात या. चाळीसगावजवळ पाटणादेवीचं देऊळ अनेकांनी सहलीत पाहिलं असेल. त्याच पाटणमध्ये एक शिलालेख सापडला, एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा. त्यात 'सिद्धान्तशिरोमणि'कार भास्कराचार्यांचा वंश दिलाय. त्यांचा नातू यादव राजा सिंघणाच्या दरबारात मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे आणि घराण्यातले ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं मठ काढला, आणि स्थानिक निकुंभ राजघराण्यानं त्या मठाला दान दिलं. या नातवाचं नाव चांगदेव.

लेखातली घराण्याची नावं ओळीनं वाचा: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर, चांगदेव. आठ नावं अशी की संस्कृत श्लोकात न अडखळता बसावीत. नवव्या पिढीत एकदम घरगुती, देशी नाव. लेखाचाही असाच प्रवास आहे. वंशाची थोरवी संस्कृतात, आणि मठाला कुठल्या मालावर काय द्यायचं हा व्यवहाराचा भाग त्या काळच्या मराठीत. थोरवीची भाषा आणि हिशेबाची भाषा एकाच दगडावर आहेत, आणि मठ काढणाऱ्याचं नाव दुसऱ्या भाषेतलं आहे.

या चांगदेवानं स्वतः काय शोधलं म्हणून त्याचं नाव घेतलं जात नाही. त्यानं केलं ते काम वेगळं होतं. आधीच्यांचं ज्ञान पुढे चालू राहील अशी व्यवस्था त्यानं लावली. आमच्या क्षेत्रात नवीन फीचर लिहिणाऱ्याला टाळ्या मिळतात. जुना कोड चालू ठेवणारा, त्याची कागदपत्रं नीट लावणारा माणूस कुणाला आठवत नाही. तो सोडून गेला की मग कळतं. पाटणचा चांगदेव हा त्या दुसऱ्या जातीचा माणूस.

कोरा कागद

पाटण जिल्ह्याच्या एका टोकाला, तर दुसऱ्या टोकाला मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचं गाव. तिथलं जुनं दगडी देऊळ योगी चांगदेवाच्या नावानं ओळखलं जातं, आणि महाशिवरात्रीला मुक्ताई आणि चांगदेवाची यात्रा भरते. या योग्याची गोष्ट मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत असते. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन तो ज्ञानेश्वरांना भेटायला निघाला. समोरून चारही भावंडं भिंतीवर बसून आली. भिंत चालली, चांगदेवाचा गर्व गेला.

चित्रात शोभते म्हणून आपण भिंतीची गोष्ट लक्षात ठेवतो. मला तिच्या आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. चौदाशे वर्षं जगलेल्या या योग्याला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. मायना काय लिहावा यावर तो अडला. वयानं लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावं, तर ज्ञानानं ते मोठे. 'तीर्थरूप' लिहावं, तर वयानं पोर. शेवटी त्यानं कोराच कागद पाठवला. तो बघून मुक्ताबाई म्हणाली म्हणतात की चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. मग निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी उत्तर म्हणून पासष्ट ओव्या लिहिल्या. तीच 'चांगदेव पासष्टी'.

म्हणजे मराठीतल्या एका थोर तत्त्वज्ञानाच्या रचनेमागे अडचण काय होती, तर समोरच्याला हाक कशी मारायची. वय मोठं की ज्ञान मोठं, याचं उत्तर चांगदेवाकडे नव्हतं. 'पासष्टी'त ज्ञानेश्वर त्याला 'चांगया' म्हणतात. चौदाशे वर्षांच्या माणसाला सोळा-अठरा वर्षांचा मुलगा घरातल्यासारखी हाक मारतो, आणि त्यात अपमान वाटत नाही. पुढे दोन आरशांची उपमा येते. समोरासमोर ठेवलेले दोन आरसे एकमेकांना बघतात तेव्हा कुणी कुणाला पाहिलं हा भेद उरत नाही. मायन्याचा प्रश्न ज्ञानेश्वर सोडवत नाहीत. तो प्रश्न उरणारच नाही अशा जागी ते चांगदेवाला नेतात.

आणि गोष्टीत पुढे चांगदेव शिष्य होतो तो मुक्ताबाईचा, सगळ्यांत लहान बहिणीचा. याच मुक्ताईच्या नावानं एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. आपल्या गोष्टींत पंडितांचा गर्व हरण होतो ते नवीन नाही, पण हरल्यावर एका मुलीकडे शिकायला बसणारा पंडित दुर्मीळ आहे. 'तत्त्वसार' नावाचा ओवीबद्ध ग्रंथ चांगा वटेश्वराच्या, म्हणजे याच चांगदेवाच्या नावावर आहे. कागद कायमचा कोरा राहिला नाही.

महानुभावांच्या पंचकृष्णांतले चक्रपाणी यांनाही चांगदेव राऊळ म्हणतात. मूळचे फलटणचे. द्वारावतीला सूप आणि खराटा घेऊन रस्ते झाडायचे, आणि त्याच रस्त्यांवर लोकांना विद्या द्यायचे, अशी त्यांची आठवण पंथानं जपली आहे. इथेही विद्या आहे, आणि ती दरबारात किंवा पालखीत बसलेली नाही, हातात खराटा घेऊन उभी आहे.

विसाव्या शतकातलं एक उदाहरण घेऊन पुढे जातो. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं बारा खंडांचं चरित्र लिहिलं. पहिला खंड १९५२ मध्ये आला, बाबासाहेब हयात असताना. खैरमोडे १९७१ मध्ये गेले तरी खंड पुढे येत राहिले. बाबासाहेबांवर आज कुणीही काही लिहायला बसलं की या खंडांना वळसा घालून जाता येत नाही. दुसऱ्याचं आयुष्य जपून ठेवण्यात स्वतःचं आयुष्य खर्च करणारा हा चांगदेव पाटणच्या चांगदेवाचा सख्खा वाटतो.

प्रा. चांगदेव पाटील

ही सगळी उजळणी केली ती एका कादंबरीमालेकडे येण्यासाठी. भालचंद्र नेमाडे यांचं 'चांगदेव चतुष्टय': 'बिढार' (१९७५), 'हूल', 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९). नायक चांगदेव पाटील. मुंबईत इंग्रजी घेऊन एम. ए. होतो, मग छोट्या शहरांतल्या कॉलेजांत इंग्रजी शिकवतो. एक नोकरी सोडतो, दुसरी धरतो, बिढार हलवत राहतो. संस्थाचालक, जातीचे गट, स्टाफरूममधलं राजकारण, परीक्षा, भाड्याच्या खोल्या.

या चतुष्टयावर भरपूर लिहिलं गेलंय: अस्तित्ववाद, देशीवाद, शिक्षणव्यवस्थेवरची टीका. नायकाच्या नावाकडे मात्र सहसा कुणी थांबत नाही. नेमाड्यांच्या नायकांची नावं ओळीनं ठेवा. 'कोसला'त (१९६३) पांडुरंग सांगवीकर. मग चांगदेव पाटील. 'हिंदू'त (२०१०) खंडेराव. पंढरपूरचा देव, तापीकाठचा योगी, जेजुरीचा देव. नेमाडे स्वतः यावल तालुक्यातल्या सांगवीचे, इंग्रजीचे प्राध्यापक, धुळ्यातही त्यांनी शिकवलंय. तापीकाठच्या माणसाला चांगदेव हे नाव कशाशी बांधलेलं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता गंमत अशी आहे. १९७५ मध्ये 'बिढार' वाचणाऱ्या खानदेशी वाचकासाठी चांगदेव हे शेजारच्या माणसाचं नाव होतं. गल्लीत, शेतात, ग्रामपंचायतीत चांगदेव होते. 'प्रा. चांगदेव पाटील' ही पाटी वाचताना त्याला खटका 'प्रा.'चा बसला असेल, 'चांगदेव'चा नाही. आपल्यातलाच एक पोरगा इंग्रजीचा प्राध्यापक झाला, ही बातमी. आजच्या पंचविशीतल्या वाचकाचं उलटं होतं. प्राध्यापक पाटील त्याला गावोगाव दिसतात, खटका 'चांगदेव'चा बसतो. नाव मुद्दाम ठेवलंय, प्रतीक आहे, असं त्याला वाटतं. अक्षर न अक्षर तेच आहे, पण नाव दुर्मीळ झाल्यामुळे कादंबरी बदललीय. साधी गोष्ट प्रतीक होऊन बसलीय.

मला वाटतं दोन्ही वाचनं एकत्र धरली पाहिजेत, कारण नावाची ताकद त्यातच आहे. नेमाड्यांचा नायक एखादा 'विश्वास' किंवा 'अभिजित' असता, तर तो कुठल्याही शहरी मध्यमवर्गीय कादंबरीतला नाराज तरुण झाला असता. चांगदेव म्हटलं की तो एका बाजूनं आपल्या आळीतला होतो, आणि दुसऱ्या बाजूनं त्याच्यामागे तो कोरा कागद येऊन उभा राहतो. शेक्सपिअर शिकलेला, शिकवणारा हा माणूस. ज्यांना शिकवायचं ती मुलं कापूस-केळीच्या शेतांतून आलेली. यांना हाक कशी मारायची? यांच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं? पदवी मोठी की समोरचं जगणं मोठं? योग्याचा मायन्याचा प्रश्नच इथे नोकरीला लागलाय.

आणि इथेच माझी तक्रार आहे. योगी चांगदेवाच्या गोष्टीचा अर्धा अर्थ मुक्ताबाईत आहे. ती नसती तर चांगदेव फक्त हरलेला पंडित राहिला असता. चतुष्टयात स्त्रिया आहेत, प्रेम आहे, लग्नाचे प्रश्न आहेत. पण तू कोरा आहेस असं तोंडावर सांगून, मग बस, शिकवते, असं म्हणणारी कुणी मला सापडली नाही. चांगदेव पाटलाला आजूबाजूचं ढोंग लख्ख दिसतं, आणि ते दाखवताना नेमाड्यांची मराठी अफाट चालते. मात्र त्याला स्वतःला बदलवेल असा गुरू त्याच्या वाटेत येत नाही. बिढार हलतं, माणूस फारसा हलत नाही. नेमाड्यांनी परंपरेतून नाव घेतलं, त्या नावाची गुरू मात्र घेतली नाही. कुणी म्हणेल, आधुनिक कॉलेजात मुक्ताबाई कुठून येणार, हेच तर लेखकाला दाखवायचंय. हा बचाव मला अर्धाच पटतो. साठ-सत्तरच्या दशकांत खानदेशातल्या मुली कॉलेजात यायला लागल्या होत्या. वर्गात मागच्या बाकावर बसून त्या हे सगळं पाहत होत्या. त्यांच्यातली एक कादंबरीत उठून बोलली असती, तर हे नाव पूर्ण झालं असतं.

मग नाव गेलं कुठे?

गेल्या वर्षी बहिणीला मुलगा झाला. कुटुंबाच्या ग्रुपवर नावांचा पूर आला. सगळी नावं दोन-अडीच अक्षरी, शेवटी '-आंश' किंवा '-आन'. आईच्या मामांचं नाव चांगदेव होतं. दहा एकर जिरायतीवर पाच भावंडांना शिकवलेला माणूस, गावात सगळ्यांचा आप्पा. आईनं ग्रुपवर हळूच हे नाव टाकलं. मिनिटभरात हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकानं लिहिलं, पोराला परदेशात चायनीज समजतील. दुसऱ्यानं लिहिलं, ताई, चौदाशे वर्षं जगवायचंय का? आईनं पुढे काही लिहिलं नाही.

हसणाऱ्यांवर मला राग काढायचा नाही. ही नावं का जातात हे उघड आहे. आपल्याकडे मोठ्यांना नावानं हाक मारत नाहीत. आप्पा, नाना, तात्या, भाऊ म्हणतात. त्यामुळे नातवंडांच्या कानावर आजोबांचं खरं नाव पडतं ते सातबाऱ्यावर किंवा दहाव्याच्या पत्रिकेवर. जे नाव कधी प्रेमानं हाकारलेलं ऐकलं नाही, ते पोराला ठेवावंसं कसं वाटेल? दुसरं कारण जास्त टोचणारं आहे. गावातून बाहेर पडलेल्या आमच्या पिढीला नावावरून गाव कळू नये असं वाटतं. बोलण्यातली अहिराणी, तावडी आम्ही मुलाखतीच्या दारात काढून ठेवतो, मग नावात ती कशी चालेल? खंडेराव, सुकलाल, धनसिंग, चांगदेव: ही नावं अर्ज भरताना पत्ता सांगून टाकतात. आजोबांच्या पिढीत चांगदेवला शिकता आलं की कौतुक व्हायचं. आमच्या पिढीत शिकलेल्याला चांगदेव म्हणवून घ्यायची लाज वाटते.

म्हणजे तो जुना प्रश्न इथेही आहेच. शिकून आपण कुठे पोहोचलो? जिथून आलो त्या माणसांना हाक कशी मारायची हे विसरण्यापर्यंत?

भाच्याचं नाव दुसरंच ठेवलं, छान आहे, मी त्याला त्याच नावानं हाक मारतो. मुलांच्या डोक्यावर परंपरेची गाठोडी द्यावीत असं मला मुळीच वाटत नाही. लोकांनी पुन्हा चांगदेव ठेवायला लागावं अशी मोहीमही काढायची नाही. माझं म्हणणं वाचण्यापुरतं आहे. ही नावं बारशातून गेली तरी पुस्तकांत, शिलालेखांत, गावांच्या पाट्यांवर राहणार आहेत. तिथे ती भेटली की अर्थाचा रकाना बघून पुढे सरकू नका. 'बिढार' उघडाल तेव्हा पहिल्यांदा नायकाच्या नावाशी थांबा. आणि घरात कुणी आप्पा, नाना असतील तर त्यांचं खरं नाव काय, ते कुणी ठेवलं, एवढं त्यांना विचारून घ्या. सातबाऱ्यावर वाचण्यापेक्षा त्यांच्या तोंडून ऐकलेलं बरं.